लाईक ३१२, तिकिटं ७४

पत्र : आमची हौशी नाट्यसंस्था सांगलीत ११ वर्षं काम करते. मागच्या हंगामात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमच्या दोन अंकी नाटकाला दुसरं पारितोषिक मिळालं. तेव्हा सभागृह भरलेलं होतं. त्या उत्साहात तिकीट लावून स्वतंत्र प्रयोग केला. नाट्यगृह ५८० आसनांचं. फेसबुकच्या पोस्टला ३१२ लाईक आले, चार चौकांत फ्लेक्स लावले, वर्तमानपत्राला बातमी दिली (ती प्रयोगानंतर दोन दिवसांनी छापून आली). तिकिटं गेली ७४. सौजन्य पास ६० वाटले, त्यातले निम्मेही आले नाहीत. खर्च ३२,०००, जमा ११,१००. आता ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिनी पुन्हा प्रयोग लावायचा विचार आहे. कोषाध्यक्ष म्हणतात प्रसिद्धीवर जास्त खर्च करू. कलाकार म्हणतात लोकांना आता नाटकच नको आहे. प्रायोजक कसे मिळवायचे तेही सांगावं. खर्चाचा तपशील, आमचं प्रसिद्धिपत्रक आणि प्रायोजकांसाठीच्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे.
– कार्यवाह, एक नाट्यसंस्था, सांगली

उत्तर :

नमस्कार.

खर्चाचा कागद जोडलात ते फार बरं केलंत. नाट्यगृहाचं भाडं ९,०००, प्रकाश-ध्वनी ७,०००, नेपथ्याचा टेम्पो ३,५००, रंगभूषा-वेशभूषा २,५००, चहा-नाश्ता २,०००, लेखकाचं मानधन २,००० आणि प्रसिद्धी ६,०००. त्या ६,००० मधले ४,२०० चार फ्लेक्सनी खाल्ले, उरलेले निमंत्रणपत्रिकांनी. कोषाध्यक्षांना सांगा की हा खर्च वाढवायचा नाही, २,००० नं कमी करायचा आहे. आणि कलाकारांना सांगा की ज्यांचं नाव कधी ऐकलं नाही अशा नटांचं नाटक बघायला ७४ माणसांनी खिशातून दीडशे रुपये काढले. लोकांना नाटक नको असतं तर ही ७४ माणसं त्या संध्याकाळी घरी बसली असती.

स्पर्धेच्या वेळी सभागृह भरलेलं होतं आणि स्वतंत्र प्रयोगाला रिकामं, याचं तुमच्या मंडळींना फार वाईट वाटलेलं दिसतं. पण स्पर्धेचं तिकीट नाममात्र असतं आणि तिथला बराचसा प्रेक्षक म्हणजे इतर संस्थांचे कलाकार, त्यांचे घरचे आणि मित्र. त्यांनी तुमचं नाटक एकदा पाहिलं. ते दीडशे रुपये देऊन पुन्हा येतील अशी अपेक्षा चुकीची होती. दुसरं पारितोषिक ही नाटकवाल्यांच्या दृष्टीनं मोठी बातमी आहे. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या आणि वर्षातून दोन नाटकं बघणाऱ्या कुटुंबाला त्यानं काही कळत नाही. त्यांना एवढंच हवं असतं की नाटक कशाबद्दल आहे, केव्हा सुटेल आणि तिकीट कुठे मिळेल.

आता मूळ प्रश्न. ती ७४ माणसं कोण होती? नावं आहेत तुमच्याकडे? फोन नंबर? सांगलीतले किती, मिरजेचे किती, त्यांना नाटकाचं कुठून कळलं? पत्रात यातलं काहीच नाही, म्हणजे नोंद ठेवलेली नाही असं मी धरतो. तुमचं खरं नुकसान इथे झालं. २०,९०० रुपयांचा खड्डा पुढच्या प्रयोगांत भरून निघेल, पण पैसे देऊन आलेला प्रेक्षक नाव-नंबर न देता दारातून बाहेर पडला की त्याला पुन्हा शोधायला परत पहिल्यापासून खर्च. लहान गावातल्या नाट्यसंस्थेची पुंजी म्हणजे अशा माणसांची यादी. चारशे नावं असलेली संस्था फ्लेक्स न लावता प्रयोग करू शकते.

ही यादी करायची रीत सांगतो. पोस्टकार्डाएवढं जाड कागदाचं कार्ड छापा. त्यावर चारच गोष्टी : नाव, मोबाइल, राहण्याचा भाग आणि ‘या प्रयोगाचं कुठून कळलं?’ खाली एक चौकोन : ‘पुढच्या प्रयोगाचा निरोप पाठवायला हरकत नाही.’ ज्यानं या चौकोनात खूण केली नाही त्याला निरोप पाठवायचा नाही, हे कटाक्षानं पाळा. वयाचा, व्यवसायाचा, ई-मेलचा रकाना घालू नका. प्रत्येक वाढीव रकान्यागणिक कार्ड भरणारे कमी होतात. कार्डांबरोबर ५० पेन्सिली घ्या, कारण पेन कुणाकडेच नसतं आणि ‘नंतर भरतो’ म्हणणारा भरत नाही.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक संस्था हे नाटक संपल्यावर करतात आणि फसतात. पडदा पडल्यावर लोकांना गाडी काढायची असते, शेवटची बस गाठायची असते, मुलांना भूक लागलेली असते. तुमचं नाटक दोन अंकी आहे, तेव्हा पहिली घंटा होण्याआधी प्रत्येक खुर्चीवर कार्ड ठेवा आणि मध्यंतरात चहाच्या रांगेजवळ दोन स्वयंसेवक कार्डं गोळा करायला उभे करा. नाटकाचा पडदा उघडण्याआधी मंचावरून एक वाक्य : ‘तुमच्या खुर्चीवरचं कार्ड भरून मध्यंतरात बाहेर चहापाशी द्या, पुढच्या प्रयोगाला तुम्हाला आधी जागा निवडता येईल.’ हे आश्वासन पाळायचं. यादीतल्यांना सर्वांच्या दोन दिवस आधी प्लॅन (जागा निवडायचा आसनांचा नकाशा) खुला करा. त्यात तुमचा एक पैसा जात नाही आणि माणसाला आपली दखल घेतली जाते हे जाणवतं.

यादी जमली की ती व्हॉट्सॲपवर आणायची, आणि इथे एक तांत्रिक अडचण आहे जी अनेक संस्थांना उशिरा कळते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) एका वेळी २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. बाकीच्यांना काहीच जात नाही. त्यामुळे ‘आम्ही दोनशे जणांना पाठवलं’ म्हणताना प्रत्यक्षात साठ जणांनाच गेलेलं असतं. उपाय असा : संस्थेसाठी वेगळं सिमकार्ड घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा आणि कार्ड भरून देणाऱ्याला स्वयंसेवकानं तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला सांगावं. कार्यवाहांचा खासगी नंबर वापरू नका. पदाधिकारी बदलले की यादी त्यांच्या फोनबरोबर जाते. बिझनेस ॲपमध्ये लेबलं लावता येतात, तर ‘मिरज’, ‘आले होते’, ‘गटबुकिंग’ अशी तीन लेबलं पुरेत. आणि कुठल्यातरी सोसायटीच्या ग्रुपमधून उचललेले अनोळखी नंबर यात मुळीच घालू नका. लोक तक्रार नोंदवतात, ब्लॉक करतात आणि नंबर बंद होतो. मग यादीही गेली.

निरोप मजकुरातच पाठवा. नुसतं पोस्टरचं चित्र पाठवलं तर फोनच्या पडद्यावर तारीख वाचता येत नाही आणि चार दिवसांनी शोधायला गेलं तर सापडतही नाही. असा लिहा :

‘नमस्कार. तुम्ही आमच्या मागच्या प्रयोगाला आला होतात.
पुढचा प्रयोग : रविवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६ वाजता.
(नाट्यगृहाचं नाव, जवळची खूण)
तिकीट २०० रु. दहा किंवा अधिक जणांना प्रत्येकी १५० रु.
जागा हवी असेल तर याच नंबरवर फक्त आकडा पाठवा. उदा. ४’

शेवटची ओळ सगळ्यात कामाची. ‘संपर्क साधावा’ असं लिहिलं की माणूस फोन करायचं उद्यावर ढकलतो. ४ टाइप करायला दोन सेकंद लागतात. आकडा आला की क्यूआर पाठवा आणि २४ तासांत पैसे आले नाहीत तर जागा सोडू असं नम्रपणे सांगा. क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा. कोषाध्यक्षांच्या खासगी खात्यात पैसे घेतले की हिशेबाच्या वेळी चांगल्या माणसांत कटुता येते. निरोप तीनच : तीन आठवडे आधी, आठवडाभर आधी आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी, तोही फक्त तिकीट घेतलेल्यांना, वेळ आणि पार्किंग सांगणारा.

तारखेबद्दल. ५ नोव्हेंबर हा दिवस तुम्हाला भावनेनं जवळचा वाटतो ते समजतं. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, सांगलीकरांच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या संध्याकाळी सांगलीत रंगकर्मींना दिल्या जाणाऱ्या भावे गौरवपदकाचा सोहळा असतो. नाटकात रस असलेला प्रेक्षक, तुम्हाला हवे असलेले वार्ताहर, छायाचित्रकार सगळे तिथे. दुसऱ्या दिवशीच्या अंकात नाटकासाठी जेवढी जागा असते ती त्या बातमीला जाते. शिवाय दिवाळी कधी पुढे, कधी मागे, त्या आठवड्यात घरं खरेदीत आणि पाहुण्यांत गुंतलेली. तेव्हा भाऊबीज उरकल्यानंतरचा दुसरा रविवार धरा, या वर्षी तो २२ नोव्हेंबर येतो. नाट्यगृह बुक करण्याआधी चार गोष्टी ताडून पाहा : राज्य स्पर्धेच्या सांगली केंद्राचं वेळापत्रक, भारताचा क्रिकेट सामना, लग्नाच्या मोठ्या तिथी आणि त्याच दिवशी गावात येणारं मुंबईचं व्यावसायिक नाटक. शेवटचं नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला विचारलं की कळतं.

आणि एक तारीख घेऊ नका, दोन घ्या. २२ आणि २९. नाटक आवडलेला माणूस पुढचे दोन-तीन दिवस त्याबद्दल बोलतो, ऑफिसात, भिशीत, भाजी घेताना. ऐकणारा विचारतो, ‘पुन्हा कधी आहे?’ याचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर ती सगळी तोंडी प्रसिद्धी वाया जाते. पुढच्या रविवारची तारीख ठरलेली असेल तर तिथेच तिकीट विकलं जातं. दोन्ही प्रयोगांची प्रसिद्धी एकाच खर्चात होते हा वेगळा फायदा. ठरलेल्या तारखेची ताकद बघायची तर पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव बघा. १९५३ पासून चालत आलेला, आणि श्रोते डिसेंबरातले ते दिवस मोकळे ठेवूनच वर्षाचा बेत आखतात. तुम्ही दर वर्षी दिवाळीनंतरचा दुसरा रविवार धरलात तर चार-पाच वर्षांत तो तुमचा होईल.

आता प्रसिद्धिपत्रक. तुम्ही जोडलेलं पत्रक असं सुरू होतं : ‘सांगलीच्या वैभवशाली नाट्यपरंपरेचा समृद्ध वारसा जपत गेली अकरा वर्षे अविरत कार्यरत असलेल्या आमच्या संस्थेच्या वतीने रसिकांसाठी एका आशयघन नाट्यकृतीचे आयोजन करण्यात येत असून...’ पुढे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सहकार्यवाह अशी अकरा नावं. नाटक जत तालुक्यातलं गाव दुष्काळात सोडून सांगलीत रिक्षा चालवणाऱ्या दोन भावांचं आहे, हे नवव्या ओळीत कळतं. प्रयोगाची वेळ शेवटून दुसऱ्या ओळीत, आणि तिकीट कुठे मिळेल ते कुठेच नाही. शिवाय हे पत्रक तुम्ही लेटरहेडवर छापून, त्याचा फोटो काढून, प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी साडेसातला पाठवलंत.

वार्ताहराच्या जागी बसून बघा. संध्याकाळी साडेसातला पानं लागायची घाई असते. फोटोतला मजकूर उचलता येत नाही, म्हणजे कुणीतरी तो पुन्हा टाइप करायला हवा. त्यातून बातमी शोधायला हवी. तो ते बाजूला ठेवतो आणि दोन दिवसांनी अर्धा कॉलम रिकामा राहिला की टाकतो. बातमी प्रयोगानंतर का आली याचं कारण एवढंच. कुणी तुमच्यावर राग धरलेला नाही.

नवीन पत्रक १५० शब्दांच्या आत बसवा आणि असं सुरू करा :

‘सांगली : दुष्काळात जत तालुक्यातलं गाव सोडून सांगलीत रिक्षा चालवणाऱ्या दोन भावांची गोष्ट सांगणारं नाटक रविवारी (ता. २२) संध्याकाळी ६ वाजता (नाट्यगृह) इथे सादर होणार आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दुसरं पारितोषिक मिळवलेल्या या दोन अंकी नाटकाचा दुसरा प्रयोग २९ तारखेला होईल.’

मग लेखक, दिग्दर्शक, प्रमुख कलाकार, बस्स. मग तिकिटाचा दर, मिळण्याचं ठिकाण, फोन. पदाधिकाऱ्यांची नावं काढलीत तर संस्थेत रुसवे होतील, हे मला माहीत आहे. ती नावं प्रयोगाच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून ई-मेलच्या अंगातच चिकटवा. पीडीएफ नको, चित्र तर नकोच. विषयाच्या ओळीत ‘प्रसिद्धीसाठी’ असं न लिहिता ‘रिक्षाचालक भावांवरचं नाटक, सांगलीत २२ नोव्हेंबरला’ असं लिहा.

फोटो एकच, आडवा, दोन पात्रं एकमेकांशी भिडलेली, चेहरे स्पष्ट. दीपप्रज्वलनाचा किंवा सगळे कलाकार रांगेत उभे असलेला नको. रंगीत तालमीच्या दिवशी पूर्ण प्रकाशयोजनेत पंधरा मिनिटं फक्त फोटोंसाठी राखा, प्रयोगादरम्यान काढलेले फोटो बहुधा अंधारे आणि हललेले येतात. व्हॉट्सॲपनं पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईच्या लायकीचा राहत नाही. सोबत डावीकडून उजवीकडे नावं.

वेळापत्रकही लक्षात ठेवा. पुरवणीचं पान काही दिवस आधीच तयार होतं, म्हणून पुरवणीसाठी तीन आठवडे आधी फोन करून ‘या नाटकावर लेख करता येईल का’ असं विचारा. रोजच्या अंकासाठी पत्रक प्रयोगाच्या चार-पाच दिवस आधी, दुपारी १२ च्या आत. ‘शहरात आज’ किंवा ‘आजचे कार्यक्रम’ अशा सदरासाठी आदल्या दिवशी सकाळी चार ओळींचा वेगळा मजकूर. आकाशवाणीच्या सांगली केंद्रालाही पत्र द्या, लवकर द्या. आणि बातमी व जाहिरात यांत गल्लत करू नका. बातमी द्यायची की नाही हा त्यांचा निर्णय. छापून आली तर दुसऱ्या दिवशी वार्ताहराला दोन ओळींचा आभाराचा निरोप पाठवा, न आल्यास जाब विचारू नका.

तुमच्या नाटकाच्या विषयातच एक मोठी संधी आहे आणि ती तुम्ही अजिबात वापरलेली नाही. नाटक रिक्षावाल्यांचं आहे. सांगली-मिरजेतल्या रिक्षा थांब्यांवर जा. संघटनेच्या लोकांना रंगीत तालमीला बोलावा, चहा द्या, त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐका. पटलं तर त्यांना विचारा, वीस रिक्षांत, प्रवाशाला समोर दिसेल असं छोटं पोस्टर लावाल का? दोन आठवडे रोज तितके प्रवासी ते वाचतील. जत भागातून येऊन सांगलीत स्थायिक झालेली कुटुंबंही भरपूर आहेत. हा प्रेक्षक एरवी नाट्यगृहात फिरकत नाही, पण ही गोष्ट त्याच्या घरची आहे. त्याच्यापर्यंत कलाकारांपैकी कुणीतरी स्वतः जायला हवं. आणि वर्तमानपत्राच्या दृष्टीनंही ‘रिक्षाचालकांनी पाहिली तालीम’ ही ‘नाट्यप्रयोगाचे आयोजन’ यापेक्षा शंभरपट छापण्यासारखी बातमी आहे, अट एवढीच की ते खरोखर आले पाहिजेत. फोटोपुरते चार जण बोलावून बसवलेत तर ते पहिल्यांदा त्यांनाच कळेल आणि पुन्हा कुणी येणार नाही.

फ्लेक्स बंद करा. चौकातून गाडीवर जाणारा माणूस दोन सेकंदात वाढदिवसाच्या आठ चेहऱ्यांमध्ये तुमचं नाटक शोधू शकत नाही. परवानगी न घेता लावलेल्या फलकावर महापालिका कारवाई करू शकते आणि १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा कायदाही आहे. त्याऐवजी १३ बाय १९ इंची डिजिटल छपाईची ६० पोस्टरं काढा, १३० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) कागदावर, आणि ती दुकानांच्या आत लावा. माणूस जिथे थांबून वाट बघतो तिथे : दवाखान्याची बाकडी, केशकर्तनालय, वाचनालय, गिरणी, झेरॉक्सचं दुकान, खानावळ. प्रत्येक ठिकाणी मालकाला विचारून, त्याच्या गल्ल्याजवळ, डोळ्यांच्या उंचीवर. पोस्टरवर नाटकाचं नाव, एका ओळीत गोष्ट, मग वार-तारीख-वेळ-ठिकाण आणि फोन. सहा फुटांवरून फोन नंबर वाचता आला नाही तर अक्षर मोठं करा. छापायला देण्याआधी संस्थेबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या. वार एक आणि तारीख दुसरी ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि ज्यांनी मजकूर लिहिला त्यांना ती दिसतच नाही. प्रयोग झाल्यावर दोन दिवसांत पोस्टरं काढून आणा, मालकाचे आभार माना. पुढच्या वेळी तो नाही म्हणणार नाही.

फेसबुक-इन्स्टाग्रामबद्दल थोडक्यात. ते ३१२ लाईक बहुतेक कलाकारांच्या मित्रांचे, त्यातले कितीतरी पुण्या-मुंबईत नोकरीला. त्यांचं प्रेम खरं आहे, पण ते रविवारी संध्याकाळी सांगलीत नसतात. पैसे घालायचेच तर शेवटच्या आठ दिवसांत १,००० रुपये, फक्त सांगली-मिरज परिसरासाठी, आणि उद्देश लाईक न ठेवता ‘व्हॉट्सॲपवर निरोप’ असा ठेवा म्हणजे बघणारा थेट तुमच्या नंबरवर येईल. सोबत प्रवेशाचा ३० सेकंदांचा उभा व्हिडिओ, संवाद खाली अक्षरांत, कारण अनेकजण आवाज बंद ठेवून बघतात. मागे प्रसिद्ध गाणं लावू नका, हक्कांची भानगड होते.

आता प्रायोजक. तुमच्या मसुद्यात ‘कलेच्या सेवेसाठी आपण यथाशक्ती मदत करावी’ असं आहे. दुकानदाराकडे अशी पत्रं गणपतीपासून क्रिकेट स्पर्धेपर्यंत वर्षभर येतात. तो ५०० रुपये देऊन मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी तुम्हाला बघून मान फिरवतो. लहान व्यावसायिकाला त्याच्या गल्ल्यावर मोजता येईल अशी गोष्ट द्या. उदाहरणार्थ, तिकिटाच्या मागच्या बाजूला एका खानावळीची जाहिरात : ‘हे तिकीट प्रयोगानंतर सात दिवसांत दाखवा, बिलात १० टक्के सूट.’ आठवड्यानंतर त्याच्या गल्ल्यात किती तिकिटं जमा झाली ती त्याला मोजता येतात. मध्यंतरातला चहा-वड्याचा स्टॉल दुसऱ्याला, पुस्तिकेचं मागचं पान तिसऱ्याला. तिघांकडून प्रत्येकी ३,००० मागा. प्रयोगानंतर दहा दिवसांच्या आत पुन्हा त्यांच्याकडे जा, एक कागद घेऊन : किती प्रेक्षक आले, कुठल्या भागातले, त्यांच्या जाहिरातीचा फोटो. हा कागद नेणारी संस्था क्वचितच भेटते, म्हणून तो लक्षात राहतो. कार्डं जमवली असतील तर तो अर्ध्या तासात तयार होतो.

हिशेब असा बसतो. प्रसिद्धी ४,००० वर आणली की एका प्रयोगाचा खर्च ३०,०००. प्रायोजकांचे ९,००० वजा जाता २१,०००. तिकीट २०० आणि गटाला १५०, सरासरी १७५ धरली तर १२० तिकिटांत खर्च निघतो. मागच्या वेळी दर १५० आणि प्रायोजक कुणी नाही, म्हणून २१४ तिकिटं लागली असती. दर वाढवायला घाबरू नका. दीडशेला न येणारा शंभरालाही येत नाही, त्याची अडचण बहुधा वेगळी असते. जीएसटीची शंका कोषाध्यक्षांना असेल तर प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला सूट आहे.

१२० तिकिटं खिडकीवर विकली जाण्याची वाट बघू नका. तुमच्या आठ कलाकारांनी आणि पाच तंत्रज्ञांनी प्रत्येकी एक गट घ्यायचा : ज्येष्ठ नागरिक संघ, भिशी, पतसंस्थेचे कर्मचारी, अपार्टमेंट, महाविद्यालयाचं नाट्यमंडळ, वाचनालयाचे सभासद. पत्र पाठवून गट येत नाही. गटातल्या एका माणसाला भेटून, त्याच्या हातात दहा तिकिटांचं पुस्तक द्यावं लागतं आणि पाच दिवसांनी पैसे किंवा उरलेली तिकिटं आणायला जावं लागतं. ते पाच दिवस महत्त्वाचे. मुदत दिली नाही तर पुस्तक प्रयोगाच्या दिवशी, आठ तिकिटं तशीच, परत येतं. तेरा गटांतले सात जमले तरी ७० तिकिटं झाली.

सौजन्य पास १५ वर आणा आणि त्यावर छापा की तिसऱ्या घंटेच्या दहा मिनिटं आधीपर्यंत आल्यासच जागा मिळेल. तुमच्या मागच्या प्रयोगात पहिल्या तीन रांगा पासवाल्यांसाठी राखलेल्या आणि रिकाम्या राहिल्या असणार. पैसे देऊन आलेला माणूस सातव्या रांगेत बसून ती रिकामी रांग बघतो आणि नाटक सुरू व्हायच्या आधीच त्याला वाटतं की आपण फसलो. कलाकारांनाही विनोदाला हशा येत नाही. त्यासाठीच बाल्कनी सुरुवातीला बंद ठेवा, प्लॅनमधल्या पुढच्या २५० खुर्च्याच विक्रीला काढा, मागच्या रांगांना दोरी बांधा. दीडशे माणसं एकत्र बसली की सभागृह भरल्यासारखं वाटतं, विखुरली की तेच ओस पडतं.

येत्या रविवारी बैठक घेणार असाल तर एक काम त्याआधी करा. ७४ पैकी बऱ्याच जणांनी तिकिटाचे पैसे यूपीआयनं दिले असतील. कोषाध्यक्षांना त्या दोन आठवड्यांचा खातेउतारा काढायला सांगा, त्यात देणाऱ्यांची नावं असतात. तो उतारा बैठकीत मधोमध ठेवून प्रत्येकानं आपल्या ओळखीची नावं सांगायची. वीस-पंचवीस तरी निघतील. ज्याची ओळख त्यानंच त्या माणसाला एकदा फोन करायचा आणि दोन प्रश्न विचारायचे : नाटकाचं कुठून कळलं होतं, आणि पुढच्या प्रयोगाचा निरोप पाठवला तर चालेल का? उत्तरं एका वहीत उतरवा. पोस्टरं कुठे लावायची आणि कुठल्या गटाकडे आधी जायचं, ते त्या वहीवरून ठरवा.